निकालाच्या बातमीशेजारी अपेक्षेचा आकडाही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत दुसऱ्या आठवड्यापासून आपल्या अर्थविषयक पानावर आयटी कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या येऊ लागतात. निव्वळ नफा किती, मागच्या वर्षीपेक्षा किती टक्के वाढला, लाभांश किती, एवढे त्यात असते. कधी कधी दुसऱ्याच दिवशी त्याच पानावर तोच शेअर सहा-आठ टक्के पडल्याचे छापून येते. नफा वाढलेला असताना भाव का पडला, याचे उत्तर दोन्ही बातम्यांत सापडत नाही. बाजाराने निकालाआधी काय गृहीत धरले होते, तो आकडाच कुठे नसतो. तो छापावा, ही आमची विनंती आहे. आम्ही लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर इथे करविवरणपत्रांचे आणि हिशेबतपासणीचे काम करतो. विनंतीमागची कारणे सविस्तर लिहीत आहोत.

१३ एप्रिल २०२३ रोजी बाजार बंद झाल्यावर इन्फोसिसने जानेवारी ते मार्च तिमाहीचा निकाल जाहीर केला. निव्वळ नफा ६,१२८ कोटी रुपये, म्हणजे वर्षभरापूर्वीपेक्षा ७.८ टक्के जास्त. महसूल ३७,४४१ कोटी, वाढ १६ टक्के. एवढेच वाचले तर निकाल उत्तम. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती, पुढे शनिवार-रविवार. सोमवारी १७ तारखेला बाजार उघडला आणि शेअर दिवसअखेर ९ टक्क्यांहून जास्त खाली बंद झाला. कारण त्याच निकालपत्रात होते. चलनांच्या दरातला फरक बाजूला काढला, म्हणजे स्थिर चलनात पाहिले, तर आधीच्या तिमाहीपेक्षा महसूल ३.२ टक्क्यांनी घटला होता. संपलेल्या वर्षासाठी कंपनीने स्वतःच १६ ते १६.५ टक्के वाढीचा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात वाढ १५.४ टक्के झाली. आणि पुढच्या वर्षासाठी अंदाज दिला तो फक्त ४ ते ७ टक्क्यांचा. जुलैमध्ये तो आणखी खाली, १ ते ३.५ टक्क्यांवर आणला. तेव्हा शेअर पुन्हा एका दिवसात आठ टक्क्यांच्या आसपास पडला. वर्ष संपले तेव्हा वाढ भरली १.४ टक्के.

उलटे उदाहरण टीसीएसचे. ११ जुलै २०२४ च्या निकालात नफा १२,०४० कोटी होता, आधीच्या तिमाहीपेक्षा कमी. मार्जिनही, म्हणजे महसुलातून कामकाजाचा खर्च वजा जाता उरणारा हिस्सा, २६ टक्क्यांवरून २४.७ वर उतरले होते. तरी दुसऱ्या दिवशी शेअर सहा टक्क्यांहून जास्त वाढला. एप्रिलपासूनच्या पगारवाढीमुळे मार्जिन घटणार हे सगळ्यांना ठाऊक होते, ते भावात आधीच धरलेले होते. स्थिर चलनात महसूल तिमाहीगणिक २.२ टक्के वाढेल, एवढी अपेक्षा मात्र कुणी धरली नव्हती.

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट मोंढ्यावरून लगेच कळेल. ऑगस्टमध्ये पाऊस चांगला झाला की सोयाबीनच्या भावात भरघोस पीक तेव्हापासूनच धरले जाते. ऑक्टोबरमध्ये आवक सुरू झाली आणि पीक खरेच तेवढे निघाले, तर त्या दिवशी भाव फारसा हलत नाही. हलतो तो उतारा अंदाजापेक्षा कमी किंवा जास्त भरला तर. तिमाही निकाल म्हणजे तो उतारा. तो चांगला की वाईट हे एकट्या आकड्यावरून ठरत नाही, आधी काय धरले होते त्यावरून ठरते.

ही अपेक्षा भावात कशी बसलेली असते ते एका हिशेबाने दाखवतो; आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. एका शेअरचा भाव ३,००० रुपये आणि मागच्या चार तिमाहींची मिळून प्रतिशेअर कमाई १०० रुपये. म्हणजे बाजार कमाईच्या ३० पट भाव देतो आहे. नफा वर्षाला १५ टक्के वाढेल या भरवशावर तो ३० पट देतो असे समजा. निकालानंतर वाढ १० टक्केच होणार असे दिसले आणि बाजार २५ पटच द्यायला तयार झाला, तर कमाई ११० रुपये होऊनही भाव २,७५० होतो. नफा १० टक्क्यांनी वाढला, गुंतवणूकदाराचे आठ टक्के गेले. पट जितकी मोठी तितका हा दणका मोठा. म्हणूनच एखाद्या बँकेपेक्षा वेगाने वाढणाऱ्या तंत्रज्ञान कंपनीचा शेअर निकालाच्या दिवशी जास्त हलतो.

आता अपेक्षा शोधायची कुठे? निकालाच्या आठवडाभर आधी मोठ्या दलाली पेढ्यांचे अंदाज अर्थविषयक संकेतस्थळांवर येतात. सरासरी अंदाज सगळे पाहतात, पण आमच्या मते त्यापेक्षा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा आकडा जास्त उपयोगाचा. दोन्हींतले अंतर कमी असेल तर बाजार एका सुरात आहे आणि चुकला तर धक्का मोठा बसणार. अंतर जास्त असेल तर कुणालाच नीट अंदाज नाही.

हे अंदाज वाचताना रुपयातल्या नफ्याच्या वार्षिक वाढीपाशी थांबू नये. या कंपन्यांची कमाई मुख्यतः डॉलर, पौंड आणि युरोत येते आणि पगाराचा मोठा खर्च रुपयात होतो. रुपया एक टक्का घसरला तर मार्जिनला साधारण पाव टक्क्याचा आधार मिळतो, त्यात कंपनीचे काहीही कर्तृत्व नसते. तेव्हा दोन आकडे आधी पाहावेत: स्थिर चलनात आधीच्या तिमाहीपेक्षा महसूल किती वाढला, आणि कामकाजाचे मार्जिन किती. त्यानंतर हंगाम. ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीत नाताळ आणि नववर्षामुळे अमेरिकी-युरोपी ग्राहक कामे थांबवतात, बिलाचे दिवस कमी भरतात, म्हणून ती तिमाही मुळातच मंद असते. पगारवाढ ज्या तिमाहीत लागू होते तिच्यात मार्जिन घटते. कुणी ती पुढे ढकलली असेल तर मार्जिन चांगले दिसते, पण तो खर्च पुढच्या तिमाहीच्या वाट्याला येतो. एकरकमी बाबीही वेगळ्या काढाव्या लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितांमुळे ग्रॅच्युइटी वगैरेंसाठी मोठ्या आयटी कंपन्यांना एकदम तरतूद करावी लागली. ती न वगळता नफ्याची तुलना केली तर धंदाच बसला असे वाटेल.

नव्या कंत्राटांचा आकडा मथळ्यात हमखास येतो, आणि दिशाभूलही तोच जास्त करतो. तो कंत्राटाच्या पूर्ण मुदतीचा असतो. पाच वर्षांचे काम असेल तर पाचही वर्षांची रक्कम त्यात मोजलेली असते. शिवाय जुन्या कामाचे नूतनीकरण किती आणि खरोखर नवे किती, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. इन्फोसिस मोठ्या कंत्राटांतला नव्या कामाचा टक्का वेगळा सांगते, तो जरूर पाहावा.

कंपनीच्या स्वतःच्या अंदाजाचा, म्हणजे गायडन्सचा, हिशेब मात्र घरी बसून करता येतो आणि फार थोडे लोक तो करतात. टीसीएस असा अंदाज देतच नाही. इन्फोसिस आणि एचसीएलटेक पूर्ण वर्षाचा देतात, विप्रो फक्त पुढच्या तिमाहीचा. समजा एका कंपनीचा मागच्या वर्षीचा महसूल चार तिमाहींत १००, १०१, १०२ आणि १०३, एकूण ४०६ होता. या वर्षी तिने ३ ते ५ टक्के वाढीचा अंदाज दिला, म्हणजे साधारण ४१८ ते ४२६. पहिल्या दोन तिमाहींत १०५ आणि १०७, मिळून २१२ झाले. आता उरलेल्या दोन तिमाहींत कंपनी जराही वाढली नाही, १०७ वरच राहिली, तरी वर्षाचे ४२६ भरतात. म्हणजे अंदाजाची वरची कड विनासायास गाठली जाणार हे बाजाराला आधीच कळलेले आहे. अशा वेळी कंपनीने अंदाज ‘४ ते ५ टक्के’ केला की मथळा येतो, ‘अंदाज वाढवला’. खरे तर वरची कड जागेवरच ठेवली, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांत वाढ नाही असे कंपनी सांगते आहे. शेअर पडतो आणि वाचक चक्रावतो. पाटीवर चार आकडे मांडले असते तर हे निकालाआधीच दिसले असते.

आधीचे संकेतही असतात. ॲक्सेंचर या जागतिक आयटी सेवा कंपनीचे आर्थिक वर्ष ऑगस्टअखेर संपते, त्यामुळे तिचे निकाल मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे टीसीएसच्या साधारण तीन आठवडे आधी येतात. ग्राहक खर्च करत आहेत की हात आखडत आहेत याचा पहिला अंदाज तिथे मिळतो. इन्फोसिस आणि विप्रोच्या शेअरच्या बदल्यात काढलेल्या पावत्यांची (एडीआर) न्यूयॉर्कमध्ये खरेदी-विक्री होते. संध्याकाळी निकाल आला की रात्री तिथला भाव पाहून सकाळची दिशा बरीचशी कळते. आणि सर्वांत सोपी खूण म्हणजे निकालाआधीच्या महिनाभरात शेअर निफ्टी आयटी या आयटी शेअरच्या निर्देशांकाच्या तुलनेत किती चढला किंवा उतरला ते. निर्देशांक जागेवर आणि शेअर दहा टक्के वर, असे असेल तर चांगली बातमी विकत घेऊन झालेली आहे.

अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांत थेट किंवा म्युच्युअल फंडातून पैसे घालणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे पट्टी फार उंच लावलेली असते. २८ ऑगस्ट २०२४ रोजी चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने तिमाही महसूल ३० अब्ज डॉलर झाल्याचे सांगितले, वर्षभरात १२२ टक्के वाढ. दुसऱ्या दिवशी शेअर सहा टक्क्यांहून जास्त पडला. एप्रिल २०२४ मध्ये फेसबुकवाल्या मेटाचा नफा उत्तम होता, पण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या यंत्रणेवर आणखी खर्च करणार असे कळताच शेअर एका दिवसात दहा टक्क्यांच्या वर घसरला. त्या कंपन्यांकडून सध्या बाजार दोन गोष्टी एकदम मागतो: खर्चही करा आणि त्या खर्चातून कमाई कधी येणार तेही सांगा. आपल्या आयटी कंपन्यांपुढचा प्रश्न वेगळा आहे. तेच काम कमी माणसांत होऊ लागले तर ग्राहक दर कमी करून मागणार, म्हणून निकालानंतरच्या चर्चेत दरांविषयी आणि मनुष्यबळाच्या आकड्याविषयी काय बोलले जाते याकडे लक्ष असावे. हिंजवडी-खराडीत मुलगा किंवा मुलगी नोकरीला असलेली हजारो घरे मराठवाड्यात आहेत. घरचा पगारही याच धंद्यातून आणि बचतही याच धंद्याच्या शेअरमध्ये, अशी दुहेरी भिस्त ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता ऑप्शनकडे, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणाऱ्या कराराकडे वळतो, कारण सर्वांत जास्त पैसा तिथे जातो. निकालाआधी बाजार किती हालचाल धरून बसला आहे, हे ऑप्शनच्या भावातून थेट वाचता येते. शेअर १,५०० रुपयांवर आहे, एक्स्पायरीला, म्हणजे कराराची मुदत संपायला, दहा दिवस आहेत, १,५०० चा कॉल (घेण्याचा हक्क) ३९ रुपये आणि १,५०० चा पुट (विकण्याचा हक्क) ३६ रुपये आहे असे समजा. बेरीज ७५, म्हणजे भावाच्या ५ टक्के. एक्स्पायरीपर्यंत वर किंवा खाली साधारण तेवढी हालचाल बाजाराने धरलेली आहे. ऑप्शनमध्ये एक रुपया न घालताही ही बेरीज प्रत्येकाने करून पाहावी, कारण शेअर तीन टक्के पडला तर तो अपघात नव्हता हे त्यावरून कळते.

पण या ३९ रुपयांत अनिश्चिततेची किंमत असते आणि निकाल लागला की ती अनिश्चितता संपते. दुसऱ्या दिवशी शेअर १,५१५ ला उघडला, म्हणजे एक टक्का वर, तरी कॉल साधारण ३० रुपयांवर येऊ शकतो. अंदाज बरोबर, पैसे मात्र गेले. ४०० शेअरच्या एका लॉटसाठी १५,६०० रुपये मोजलेल्याचे रातोरात साडेतीन हजारांच्या आसपास कमी होतात. शेअर दोन टक्के वाढला तरी मुद्दल जेमतेम सुटते. नफा व्हायचा तर हालचाल त्याहून मोठी हवी, आणि आपल्याच बाजूने हवी. हे गणित न सांगता ‘उद्या निकाल, आजच कॉल घ्या’ असे संदेश टेलिग्रामवर फिरतात.

आणखी एक खड्डा. २०१९ पासून शेअरच्या ऑप्शनची सौदापूर्ती प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. राष्ट्रीय शेअर बाजारात (एनएसई) महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी एक्स्पायरी असते. त्या दिवशी शेअर ठरलेल्या भावाच्या वर असताना कॉल तसाच राहू दिला तर ४०० शेअर घ्यावे लागतात, म्हणजे वरच्या उदाहरणात सहा लाख रुपये लागतात. शेवटच्या चार-पाच दिवसांत ब्रोकर मार्जिन (इथे अर्थ सौद्यासाठी ठेवायची अनामत) वाढवत नेतो आणि ते भरले नाही तर सौदा स्वतः कापतो, बहुधा वाईट भावाला. निकालासाठी घेतलेला ऑप्शन एक्स्पायरीपर्यंत धरू नये.

स्टॉप-लॉसवर, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकण्याच्या सूचनेवर, विसंबणाऱ्यांसाठीही दोन शब्द. आयटी कंपन्यांचे निकाल बहुतेक वेळा साडेतीननंतर येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ते ९.१५ या वेळेत नवा भाव ठरतो आणि शेअर थेट तिथे उघडतो. १,४५० चा स्टॉप-लॉस असेल आणि शेअर १,३८० ला उघडला, तर विक्री १,३८० च्या आसपास होते. मधले भाव त्या सकाळी नसतातच. रात्रीच्या उडीपासून वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे निकालाआधी हातात किती शेअर आहेत ती संख्या.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला, असे आढळले. या व्यवहारांत उतरलेल्या सर्व व्यक्तींपैकी ७५ टक्क्यांहून जास्त जणांचे जाहीर वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होते आणि सुमारे ७२ टक्के जण पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे होते. आपली जिल्ह्याची आणि तालुक्याची गावे याच ७२ टक्क्यांत येतात. सोयाबीनचे पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हाती येतात, ऊसबिल जानेवारीच्या पुढेमागे. निकालांचे हंगामही तेच. जाहिरातींचा आणि टिप्सचा मारा नेमका तेव्हाच वाढतो, हे आम्हांला फार खुपते.

‘आतली बातमी’ विकणाऱ्यांविषयी नियम स्पष्ट आहे. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास होईपर्यंत कंपनीतल्या संबंधित लोकांना स्वतःच्या कंपनीच्या शेअरचे व्यवहार बंद असतात. आतला आकडा खरोखर कुणाकडे असेल तर तो विकणे गुन्हा आहे, आणि नसेल तर सांगणारा खोटे बोलतो आहे. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे सेबीची नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत पडताळता येतो.

तोटा झालाच असेल तर तो लपवू नका. फ्युचर्स-ऑप्शनचा तोटा धंद्याचा तोटा धरला जातो, त्यासाठी आयटीआर-३ भरावे लागते. मुदतीत विवरणपत्र भरले तरच तो पुढची आठ वर्षे ओढता येतो. पगारातून मात्र वजा होत नाही.

आमची विनंती एका छोट्या चौकटीची आहे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलटेक, विप्रो, टेक महिंद्रा आणि एलटीआयमाइंडट्री या सहा कंपन्यांसाठी चार ओळी पुरतील: स्थिर चलनात तिमाहीगणिक महसूलवाढीचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा अंदाज; मार्जिनचा अंदाज आणि आधीच्या तिमाहीचा आकडा; कंपनीचा चालू गायडन्स आणि उरलेल्या तिमाहींत त्यासाठी लागणारी वाढ; महिनाभरात शेअर आणि निफ्टी आयटी किती हलले. निकालानंतर त्याच चौकटीत प्रत्यक्ष आकड्यांचा एक स्तंभ वाढवला की झाले. कंपन्यांचे आकडे त्यांच्या निकालासोबतच्या तक्त्यांत आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, गायडन्सची वजाबाकी आम्ही करून देऊ. फक्त चौकट वेळेवर यावी. निकाल गुरुवारी संध्याकाळी असेल तर ती गुरुवारच्या अंकात हवी. शुक्रवारी छापली तर उदगीर किंवा देगलूरला अंक वाचून होईपर्यंत नवा भाव उघडून गेलेला असतो.

आपले,
करसल्लागार आणि लेखापालांचा एक गट,
लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर